आवाजाची फिर्याद

निपाणीच्या ठाण्यात फॉर्म कन्नडमध्ये होता.
हवालदार म्हणाला, काय चोरीला गेलंय?
मी म्हणालो, आवाज.
त्यानं पेन टेबलावर ठेवलं,
मग रकान्यांवरनं बोट फिरवलं :
दागिने, वाहन, जनावर, इतर.
'इतर'समोर दोन बोटं जागा होती.

दोन बोटांत कसं बसवायचं?
मी जुन्या मोटारसायकलींची माहिती सांगतो मोबाईलवर,
संकेश्वरच्या गॅरेजबाहेर उभा राहून.
कुठल्या गाडीचं इंजिन खोकतं,
कुठल्या गाडीचा मीटर मागं फिरवलाय.
खोटा मीटर मी लांबून ओळखतो.

पहिल्या व्हिडिओत म्हणालो होतो,
'गाडी कशी पळालीया बगा.'
खाली तीनशे जण हसले.
एकानं विचारलं, हा मराठी का कानडी?
मग मी आरशासमोर उभा राहून
'आहे'मधला ह घासून घेतला,
'पळालीया'चं 'पळतेय' केलं,
'ण' जिथल्या तिथं ठोकून बसवला.
तो आवाज लोकांना आवडला.
तोच कुणीतरी उचलला.

मंगळवारी दुपारी आई मांडीवर सूप घेऊन
विड्या वळत होती.
'आई, मी बोलतोय. अपघात झालाय.
कोल्हापूरला दवाखान्यात आहे.
चाळीस हजार लागतील, नंबर पाठवतो.
बाबांना सांगू नकोस.'
हुबेहूब मी. अडखळतोसुद्धा तिथंच.

सांगताना ती अजून तेवढंच दोनदा सांगते :
दोरा बांधायचा राहिला.
सातशे साठाव्या विडीचा.

पैसे होते, बचत गटाचे.
फोनमधनं कसे पाठवायचे ते मीच शिकवलेलं, दिवाळीत.
चार आकड्यांचं कुलूप,
तेही माझ्या जन्मसालाचं.
तीन आकडे दाबून झाले होते तिचे
आणि तोंडातनं सवयीनं गेलं,
'ऊटा आतेनो?'

जेवलास काय, एवढंच.
शेजारची मल्लव्वा लहानपणी मला भरवताना विचारायची,
तिच्याकडनं आईनं उचललं.
रोज रात्री फोनवर हे पहिलं वाक्य.
मी म्हणायचं, 'आतव्वा.'
मग पुढचं बोलणं.

पलीकडं गप्प.
'आई, वेळ नाही, लवकर पाठव.'
'ऊटा आतेनो?'
'काय?'

आईनं फोन उलटा करून सुपात ठेवला, तंबाखूवर.
तो तिथं बराच वेळ थरथरत राहिला.

मल्लव्वाला असं काही विचारायला सुचलं नाही.
मागच्या श्रावणात, बँकेतनं बोलतोय म्हणाला एकजण, हिंदीत.
तिला हिंदी येत नाही,
म्हणून ती प्रत्येक वाक्याला 'हां जी' म्हणाली.
मग सहा आकडे वाचून दाखवले,
चष्मा लावून, शाळेत वाचल्यागत, एकेक.
म्हशीचे एकतीस हजार.
घरात बोलली ती चौथ्या दिवशी.
एकोणीसशे तीसला लगोलग फोन करायचा असतो
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं,
आणि लाज वाटली, म्हणाली.
अजून रात्री मोबाईलवर टॉवेल टाकून झोपते,
पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा.

हवालदारानं शेवटी 'इतर'समोर लिहिलं, ध्वनी.
दोन्ही भाषांत तोच शब्द निघाला.
सही घेतली, शिक्का मारला,
आणि हळूच म्हणाला,
तुमचे व्हिडिओ बघतो मी, एक गाडी घ्यायची होती.

कुलपाचे आकडे बदलले. आईनंच बदलले,
मला सांगितले नाहीत.

परवा पुण्याची दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती.
आईचा फोन.
'ऊटा आतेनो?'
मी त्यांच्याकडं बघत, घासलेल्या आवाजात म्हणालो,
'हो आई, झालं जेवण. नंतर बोलतो.'

तिनं फोन कापला.